कुणावाचून कुणाचं अडत नाही म्हणे!

आपल्याकडे नोकरीत असलेला माणूस गेला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं शोकसभेत, माइकवरून : "त्यांच्या जाण्याने संस्थेत कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे." दुसरं सभा संपल्यावर, दाराशी चपला शोधताना : "काय करणार, कुणावाचून कुणाचं अडत नाही!" गंमत अशी की पुष्कळदा ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडची असतात आणि दोहोंत अर्धा तासही गेलेला नसतो.

मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. त्या निमित्ताने अशा शोकसभा बऱ्याच पाहिल्या, ठराव लिहून देण्याचं कामही माझ्याकडेच यायचं (मराठीच्या बाई ना!). त्यामुळे या दोन वाक्यांशी माझं जुनं भांडण आहे. आज ते एकदाचं मांडून टाकते.

माझं म्हणणं असं की ही दोन्ही वाक्यं खोटी आहेत. सामान्य माणसाने ती बोलली तर एक वेळ चालेल, दुःखात माणूस काहीही बोलतो. पण ज्याच्या हाताखाली पाच-पन्नास माणसं काम करतात, त्याने ती बोलूच नयेत. पहिल्या वाक्यात पोकळी एवढी मोठी केलेली असते की तिच्यापुढे हात जोडून उभं राहण्यापलीकडे काही करता येत नाही. दुसऱ्यात ती एवढी लहान केलेली असते की काही करायची गरजच उरत नाही. म्हणजे दोन्हीकडून उत्तर एकच येतं, साहेबाने काही करायचं नाही!

खरं तर पोकळी मोजता येते. शाळेत तर फारच नेमकी मोजता येते. आठवड्याचे इतके तास, इतक्या वह्या, प्रयोगशाळेची एक किल्ली, एका वर्गाचं वर्गशिक्षकपद, आणि ज्यांना त्या माणसाखेरीज कुणाशी बोलता येत नव्हतं अशी दोन-तीन मुलं. हे मोजायला जो बसत नाही त्याला "न भरून येणारी" म्हणायचाही हक्क नाही आणि "अडत नाही" म्हणायचाही नाही.

मी पाहिलेले दोन प्रसंग सांगते. शाळांची आणि माणसांची नावं सांगत नाही, सांगून उपयोगही नाही.

पहिला माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळातला. आमचे गणिताचे एक सर जानेवारीत अचानक गेले. वय बेचाळीस. रात्री छातीत दुखलं, डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. सकाळी प्रार्थनेनंतर मुख्याध्यापकांनी बातमी सांगितली, दोन मिनिटं स्तब्धता पाळली आणि शाळा सुटली. मुलांनी दप्तरं उचलली आणि धूम ठोकली. मागच्या रांगेतून "सुट्टी!" अशी आरोळीसुद्धा आली. त्यांना कोण काय बोलणार? शोक कसा करायचा हे आम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं, सुट्टी मात्र दिली होती.

दुसऱ्या दिवशी ऑफ तासांची वही फिरली. सरांचे सहा तास सहा जणांत वाटून टाकले होते आणि त्यांच्या नावापुढे, नेहमीच्या सवयीने, लिहिलं होतं "गैरहजर". आम्ही सगळ्यांनी त्या खाली सह्या केल्या. कुणीच काही बोललं नाही. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक शिक्षक कक्षात आले आणि म्हणाले, "दहावीची परीक्षा तोंडावर आहे. आपण शिक्षक आहोत, खचून चालणार नाही. काम थांबता कामा नये." आणि गेले. पाच मिनिटंही थांबले नाहीत.

सरांच्या कपाटात पूर्वपरीक्षेचा गठ्ठा होता. अठ्ठेचाळीस पेपर, त्यातले एकोणीस तपासून झालेले. "एकसारखेपणा राहावा" म्हणून तो सगळा गठ्ठा दुसऱ्या शाळेतल्या एका शिक्षकाकडे पाठवून नव्याने तपासून घेण्यात आला. (घेण्यात आला! कर्ता लपवायचा असला की अधिकारी कर्मणी प्रयोगात बोलतो.) पेपर मुलांच्या हातात आले तेव्हा त्या एकोणीस पेपरांवर सरांनी दिलेले गुण खोडून शेजारी दुसरे लिहिले होते. एका मुलीने पेपर घडी घालून दप्तरात ठेवला आणि तासभर मान वर केली नाही. तिचे गुण वाढले होते बरं का! सवाल गुणांचा नव्हताच.

आणखी एक गोष्ट. सर जायच्या आदल्या आठवड्यात वेळापत्रकावरून त्यांचं एका सहकाऱ्याशी कडाक्याचं भांडण झालं होतं. बोलणं बंद होतं. शोकसभेत हे गृहस्थ शेवटच्या बाकावर बसले आणि भाषणं संपायच्या आत उठून गेले. त्यावर लोकांनी काय काय बोलायचं ते बोलून घेतलं. पुढे ते शिक्षक कक्षात बसेनासे झाले, डबा घेऊन प्रयोगशाळेत जायचे. जूनमध्ये त्यांनी शाळा सोडली. त्यांना त्या चार महिन्यांत कुणी "बसा जरा" म्हणालं नाही, मुख्याध्यापक तर नाहीच. आणि सरांच्या पत्नी? त्या कागदपत्रांसाठी चकरा मारत होत्या. सेवापुस्तकात दोन वर्षांच्या नोंदीच नव्हत्या. ऑफिसबाहेरच्या बाकावर त्या बसलेल्या असायच्या आणि आम्ही तासाला जाता-येता त्यांना नमस्कार करायचो.

काम थांबलं नाही, हे खरं. निकालही नेहमीसारखाच लागला. म्हणजे "अडत नाही" सिद्ध झालं, नाही का?

दुसरा प्रसंग बारा-तेरा वर्षांनंतरचा, दुसऱ्या शाळेतला. तिथे हिंदीचे सर होते, स्काउटही त्यांच्याकडे. शाळेत येताना अपघात झाला आणि दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले. तिथल्या मुख्याध्यापिका, आमच्या मोठ्या बाई, फारशा बोलक्या नव्हत्या. भाषण तर त्यांना जमायचंच नाही. त्यांनी मुलांना मैदानावर गोळा केलं नाही. आधी आम्हा शिक्षकांना बोलावून सांगितलं, मग एकेका वर्गात स्वतः गेल्या. वाक्य साधंच : "आज सकाळी अपघातात आपले सर वारले." आपल्यातून निघून गेले नाही, देवाघरी गेले नाही, वारले. पाचवीतल्या एका मुलाने विचारलं, "म्हणजे उद्या येणार नाहीत?" बाई म्हणाल्या, "नाही. उद्या नाही आणि नंतरही नाही." मग वर्गशिक्षकांनी आपापल्या वर्गात तासभर बसायचं असं ठरलं. शिकवायचं नाही, मुलांनी विचारलं तर उत्तर द्यायचं, रडली तर रडू द्यायचं. मग शाळा सुटली. त्या दिवशी सुट्टीची आरोळी आली नाही. मुलं तीच होती हो, दहा वर्षांत मुलांची जात काही बदलत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधी बाईंनी आम्हाला बसवलं आणि एक कागद पुढे ठेवला. त्यावर सर करत होते ती कामं होती. तास तर होतेच. पण त्याखाली आम्ही भर घालत गेलो. स्काउट. फळ्यावरचा रोजचा सुविचार. शिष्यवृत्तीचा सकाळचा वर्ग. पावसाळ्यात गळणाऱ्या खोलीखाली बादली ठेवणं. दोन मुलांची सहलीची वर्गणी दर वर्षी गुपचूप भरणं (हे शिपायाने सांगितलं, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं). कागद पाठपोट भरला. सर काय काय करत होते हे त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही एका जागी वाचलं. कुठल्याही शोकसभेत त्यांचा एवढा खरा गौरव झाला नसता.

मग बाईंनी विचारलं, "यातलं कोण काय घेतं?" ज्याला जे जमेल ते त्याने घेतलं. उरलं त्याच्यापुढे बाईंनी लिहिलं : "या वर्षी होणार नाही." स्काउट त्या वर्षी बंद राहिलं. संस्थेच्या एका सभासदांनी नाराजी दाखवली तेव्हा बाईंचं उत्तर होतं, "आमचा माणूस गेलाय. काहीतरी बंद पडणारच."

हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. माणूस गेल्यावर काहीतरी बंद पडणारच! ते पडू द्यायचं, कुठलं पडू द्यायचं ते ठरवायचं, आणि वर जाब द्यायची वेळ आली तर स्वतः द्यायचा. नेतृत्व म्हणतात ते यापेक्षा वेगळं काय असतं? पहिल्या मुख्याध्यापकांनी काहीच बंद पडू दिलं नाही. म्हणजे काय केलं, तर गेलेल्या माणसाचं सगळं काम जिवंत माणसांच्या पाठीवर टाकलं आणि त्याला "निष्ठा" असं नाव दिलं.

अर्धवट तपासलेला गठ्ठा इथेही निघाला. बाईंनी सरांनी तपासलेले पेपर तसेच ठेवले. उरलेले हिंदीच्या दुसऱ्या बाईंनी तपासले. काही मुलांना सरांच्या अक्षरातला शेवटचा शेरा मिळाला, काहींना नाही मिळाला. एकसारखेपणा राहिला नाही. पण झालं होतं ते तसंच होतं ना? मधेच हात थांबला होता. ते मुलांपासून लपवण्यात काय मिळवायचं?

आता यावर नेहमीचे आक्षेप येतील, ते मला पाठ आहेत.

पहिला आक्षेप कलावंतांची उदाहरणं देऊन घेतला जातो. बालगंधर्वांची गोष्ट तर आपल्याकडे प्रत्येक पिढीला सांगतात. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली, आणि तरी ते भामिनी होऊन रंगभूमीवर उभे राहिले. बघा, याला म्हणतात कर्तव्य! मीही ही गोष्ट वर्गात सांगितली आहे आणि ती मोठीच आहे. पण ती नीट ऐका. प्रयोग पुढे ढकलावा असं मंडळीतल्या लोकांना वाटत होतं, उभं राहायचं बालगंधर्वांनी स्वतः ठरवलं, अशीच ती परंपरेने सांगितली जाते. ज्याचं दुःख होतं त्याने प्रयोगाचा निर्णय घेतला. आपल्या ऑफिसांत नेमकं उलटं होतं. ज्याला फारसं दुःख झालेलं नाही तो वरून सांगतो की प्रयोग झालाच पाहिजे, आणि दाखला बालगंधर्वांचा देतो! स्वतःचा त्याग मोठा असतो. दुसऱ्याकडून करवून घेतलेल्या त्यागाला मराठीत वेगळा शब्द आहे, वेठ.

दुसरा आक्षेप : "हे सगळं शाळेत ठीक आहे. जिथे स्पर्धा आहे, पैसा आहे, तारखा ठरलेल्या आहेत, तिथे असं हळवं होऊन चालत नाही." यावर मी क्रिकेटचं उदाहरण देते, कारण त्याहून जास्त स्पर्धा, पैसा आणि ठरलेल्या तारखा आपल्याला दुसरीकडे कुठे दिसणार? २५ नोव्हेंबर २०१४ रोजी सिडनीच्या मैदानावर फिलिप ह्यूजच्या मानेजवळ चेंडू लागला आणि २७ तारखेला तो गेला. सव्विसावा वाढदिवस तीन दिवसांवर होता. भारताविरुद्धची पहिली कसोटी ४ डिसेंबरला ब्रिस्बेनला सुरू व्हायची होती. तिकिटं, दूरदर्शनचे करार, सगळं ठरलेलं. ती कसोटी पुढे ढकलली गेली. ३ तारखेला ह्यूजच्या गावी, मॅक्सव्हिलला, अंत्यसंस्कार झाले. कप्तान मायकेल क्लार्कने शवपेटीला खांदा दिला, आणि बोलायला उभा राहिला तेव्हा त्याला धड बोलता येत नव्हतं. विराट कोहली आणि आपले आणखी काही लोकही तिथे गेले होते. मालिका ९ डिसेंबरला ॲडलेडला सुरू झाली. ऑस्ट्रेलियाच्या संघात ह्यूजचं नाव तेरावा खेळाडू म्हणून होतं. क्लार्कने पाठ दुखत असताना १२८ धावा केल्या आणि ऑस्ट्रेलियाने ती कसोटी ४८ धावांनी जिंकली.

रडणारा कप्तान दुबळा असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी तो धावफलक बघावा. क्लार्क रडला म्हणून संघ कोसळला नाही. उलट कप्तानच रडतोय म्हटल्यावर बाकीच्यांना आपलं रडू लपवण्यात शक्ती घालवावी लागली नसेल, असं मला वाटतं.

पण त्या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो शॉन ॲबट. तो चेंडू त्याने टाकला होता. वय बावीस. चूक काहीच नाही, नियमात बसणारा आखूड टप्प्याचा चेंडू. अशा पोराचं काय झालं असतं? पण त्याच्याकडे बोट दाखवण्याऐवजी सगळं क्रिकेट त्याच्या पाठीशी उभं राहिलं. दोन आठवड्यांच्या आत तो त्याच सिडनीच्या मैदानावर पुन्हा गोलंदाजी करत होता, आणि त्या सामन्यात एका डावात त्याने १४ धावांत ६ बळी घेतले. आता आमच्या त्या सहकाऱ्याची आठवण करा, जे प्रयोगशाळेत एकटे डबा खायचे. त्यांच्या हातून तर चेंडूही सुटला नव्हता, नुसता शब्द सुटला होता. प्रत्येक मृत्यूनंतर कुणीतरी एक ॲबट असतोच. शेवटचं भांडण ज्याच्याशी झालं तो. "आज माझ्याऐवजी तू जा" असं ज्याने सांगितलं तो. रजा नाकारणारा, चेहरा पडलेला दिसूनही न विचारणारा. मोठ्याने रडणाऱ्यांना सांभाळायला सगळे असतात. हा जो गप्प असतो त्याला हुडकून काढणं हे साहेबाचं काम आहे, आणि ते कुठल्याही परिपत्रकात लिहिलेलं नसतं.

आता नव्या जमान्याकडे येते. माझा एक विद्यार्थी हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर आहे, हाताखाली अकरा माणसं. त्यातला एक जण रविवारी गेला. सोमवारी ग्रुपवर "ॐ शांती" आणि हात जोडल्याची चित्रं आली, पन्नास-साठ. मंगळवारी वरून विचारणा आली की त्या 'रिसोर्स'च्या जागी बदली 'रिसोर्स' कधीपर्यंत लागेल. "बाई, मी टीमला काय सांगू?" असं त्याने मला फोनवर विचारलं.

शब्दांशी आयुष्य काढल्यामुळे मी त्या एका शब्दावरच अडकले. रिसोर्स म्हणजे साधनसामग्री. खडू, डस्टर, सतरंजी. खडू संपला तर दुसरा खडू घ्यावा, यात दुःख कसलं? एकदा माणसाला रिसोर्स म्हटलं की तो मरू शकत नाही, फक्त संपू शकतो. जिवंतपणी ज्याला आपण हा शब्द लावतो त्याच्या मृत्यूनंतर दुसरं काही सुचणारच नाही. मी त्याला म्हटलं, टीमला आधी त्याचं नाव घेऊन सांग. मग तो काय काय करायचा त्याची यादी सगळ्यांनी मिळून कर. मग यातलं काय होणार नाही ते तू वर कळव, टीमला कळवायला लावू नकोस. आणि त्याच्या घरी जा.

घरी जा, हे मुद्दाम सांगावं लागतं हल्ली. जुलै २०२४ मध्ये पुण्यात नोकरीला लागून चारच महिने झालेली एक २६ वर्षांची सनदी लेखापाल मुलगी वारली. तिच्या आईने कंपनीच्या अध्यक्षांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये देशभर वाचलं गेलं. कामाच्या ताणाबद्दल त्यात आरोप होते आणि कंपनीने ते मान्य केले नाहीत, त्याचा निवाडा करणारी मी कोण? पण त्या पत्रात एक साधी तक्रार होती की मुलीच्या अंत्यसंस्काराला ऑफिसमधलं कुणीही आलं नाही. आईच्या मनाला हे लागलं. रोज बारा-बारा तास एकत्र काढणारी माणसं तिरडीपर्यंत येत नसतील, तर सहकारी हा शब्दच आपण रद्द करावा.

आणि शाळांनी तरी फार मान वर करू नये. करोनाच्या दोन लाटांत किती शिक्षक, शिपाई, लेखनिक गेले. त्या वेळी शोकसभा शक्यच नव्हत्या, अंत्यदर्शनही नव्हतं. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी राज्यात ग्रामीण भागात पाचवी ते बारावीच्या आणि शहरांत आठवी ते बारावीच्या शाळा उघडल्या, तेव्हा कितीतरी शिक्षक कक्षांत खुर्च्या रिकाम्या होत्या. माझ्या ओळखीच्या काही शिक्षिका सांगतात की पहिल्या दिवशी तापमापक, हात धुण्याची सोय, राहिलेला अभ्यासक्रम या सगळ्यावर बैठक झाली, पण त्या खुर्च्यांवर एक शब्द निघाला नाही. दीड वर्षाचं दुःख साठलेलं, आणि बैठकीच्या विषयपत्रिकेवर त्याला जागा नाही!

शेवटचा मुद्दा सगळ्यात रुक्ष आहे, म्हणूनच तो सगळ्यात महत्त्वाचा. कागद.

शोकसभेत "आम्ही सर्व कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी आहोत" असं म्हणतात. सहभाग दाखवायचा असेल तर तो टेबलावर दिसतो. सेवापुस्तकातल्या नोंदी पूर्ण आहेत का? वारसाचं नामनिर्देशन लग्नाच्या आधीचं तर नाही ना? ग्रॅच्युइटीला एरवी पाच वर्षांच्या नोकरीची अट असते, पण नोकरीत असताना मृत्यू झाला तर ती लागत नाही, हे त्या घरात कुणी सांगितलं का? खाजगी शाळांतल्या शिक्षकांना ग्रॅच्युइटी मिळावी म्हणून २००९ मध्ये कायदा दुरुस्त झाला, तो ३ एप्रिल १९९७ पासून लागू धरला गेला, आणि त्यावरचा वाद २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकांच्या बाजूने मिटवला. भविष्यनिर्वाह निधीचा सभासद नोकरीत असताना गेला तर त्याला जोडलेल्या विमा योजनेतून वारसाला ७ लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते, त्यासाठी अर्ज करावा लागतो. नवऱ्याच्या तेराव्याला बसलेल्या बाईला यातलं काय माहीत असणार? आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली, त्यांच्यातला कुणी मधेच गेला तर घरच्यांचं काय, हा प्रश्न कित्येक वर्षं लोंबकळत होता. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी कुटुंबनिवृत्तिवेतनाचा निर्णय व्हायला मार्च २०२३ उजाडला. अशी ही गुंतागुंत. ती सोडवायची कुणी, ऑफिसबाहेरच्या बाकावर बसलेल्या त्या बाईने?

आमच्या मोठ्या बाईंनी लेखनिकाला अर्ज घेऊन सरांच्या घरी पाठवलं होतं. सह्या कुठे करायच्या तिथे पेन्सिलीने फुल्या करून. वहिनींना शाळेत एकदाच यावं लागलं, सरांच्या कपाटातलं सामान न्यायला, आणि तेव्हा बाईंनी त्यांना बाकावर नव्हे, आपल्या खोलीत खुर्चीवर बसवलं. त्या पेन्सिलीच्या फुल्यांवर मला कधीतरी निबंध लिहायचा आहे.

मी शोकसभांच्या विरुद्ध नाही. समुपदेशकाला बोलावतात त्याच्याही विरुद्ध नाही, कुणाकुणाला त्याची खरोखर गरज असते. पण समुपदेशकाचा फोन नंबर ईमेलने पाठवला की आपलं काम संपलं, असं मानणाऱ्या साहेबाविषयी माझं मत त्या गैरहजर लिहिणाऱ्या वहीसारखंच आहे. दुःख कुणाकडे तरी सोपवून मोकळं होण्याची ती आधुनिक रीत, एवढंच.

लोक म्हणतील, बाई, जग पुढे जातं, तुमच्या म्हणण्याने थांबणार आहे का? नाही थांबणार. कुणी थांबवाही म्हटलेलं नाही. दहावीची परीक्षा ठरलेल्या वेळीच होणार, सर असोत की नसोत. पण पुढे जाणं दोन तऱ्हांचं असतं. एकात गेलेल्या माणसाचं नाव घेत, त्याचं काम वाटून घेत, काही ओझं मुद्दाम खाली ठेवत माणसं चालतात. दुसऱ्यात माणसं नुसती रेटली जातात. निकाल दोन्हीकडे सारखाच लागतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. फरक पुढच्या जूनमध्ये कळतो. पहिल्या शाळेत त्या प्रसंगानंतर कुणी संस्थेचं एकही जादा काम आपणहून अंगावर घेतलं नाही. का घ्यावं? आपण गेल्यावर आपल्या नावापुढे काय लिहिलं जाणार आहे ते सगळ्यांनी वाचलं होतं ना!

तेव्हा हाताखाली माणसं असलेल्या सगळ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. कुणावाचून कुणाचं अडत नाही, हे वाक्य तुमच्या तोंडून तुमची माणसं ऐकतात तेव्हा ती गेलेल्याबद्दल ऐकत नसतात. प्रत्येक जण स्वतःबद्दल ऐकत असतो.